आधी बांधणी पाहा, आधी फाइल पाहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

छापील पुस्तक चांगले की डिजिटल, हा वाद वाचकांच्या पत्रांतून अधूनमधून डोके वर काढतो. एक बाजू कोऱ्या कागदाच्या वासाबद्दल बोलते, दुसरी खिशात मावणाऱ्या हजार पुस्तकांबद्दल. पण गोरेगावच्या चारशे चौरस फुटांच्या घरात राहणाऱ्या आणि महिन्याला पुस्तकांसाठी पाचशे रुपये बाजूला काढणाऱ्या वाचकाला या वादातून काही हाती लागत नाही. आम्ही ग्रंथालय, बांधणी, अक्षरजुळणी आणि ई-पुस्तकनिर्मिती या कामांतली मंडळी आहोत. आमच्या रोजच्या कामात प्रश्न वेगळा येतो. छापील पुस्तक टिकेल असे बांधलेले असते किंवा नसते. डिजिटल पुस्तकात खरा मजकूर असतो किंवा पानांचे नुसते फोटो असतात. तीन पावसाळ्यांत पाने सुटणारे पुस्तक आणि शब्द शोधता न येणारी फाइल या दोन्ही सारख्याच वाईट खरेदी आहेत. म्हणून कागद की पडदा हे ठरवण्याआधी समोरची वस्तू कशी बनवली आहे ते पाहावे, असा आमचा आग्रह आहे. पाच मिनिटांत ते पाहता येते.

आधी छापील. पुस्तक मिटलेलेच हातात धरा आणि कण्याची वरची कड निरखा. कागदाच्या घड्या एकाशेजारी एक रचलेल्या दिसल्या तर बांधणी शिलाईची असण्याचा संभव आहे. खात्रीसाठी फॉर्मचा, म्हणजे एकत्र घडी घातलेल्या पानांच्या जुडीचा, मध्य उघडा. फॉर्म सोळा पानी असेल आणि अंक पहिल्याच पानापासून मोजले असतील, तर तो ८-९, २४-२५, ४०-४१ या पानांच्या बेचक्यात येतो. तिथे दोऱ्याचे टाके दिसले पाहिजेत. घड्या आहेत पण टाके नाहीत, तर घड्यांना खाचा मारून गोंद भरलेला आहे. आणि घड्याच नसून सुट्या पानांच्या कडा एका गोंदाच्या थरात रुतलेल्या दिसल्या, तर ते परफेक्ट बाइंडिंग. हल्लीची बरीचशी मराठी कागदी बांधणीची पुस्तके याच प्रकारची असतात.

परफेक्ट बाइंडिंग वाईटच असते असे नाही. त्यात घड्यांची बाजू कापून टाकतात, कडा खरवडतात आणि साधारण १६० ते १८० अंश सेल्सियसला वितळलेला हॉट मेल्ट गोंद लावून वर मुखपृष्ठ दाबतात. खरवड उथळ राहिली, गोंद पुरेसा तापला नाही किंवा कागद गुळगुळीत आर्ट पेपर असला की गोंद तंतूंत शिरत नाही, नुसता वर बसतो. असे पुस्तक पहिल्यांदा पूर्ण उलगडून पालथे ठेवले की कण्यात चीर पडते, आणि एकदा चीर पडली की त्या जागेची पाने एकेक करून सुटतात. वर्षे गेली की हा गोंद कडक आणि ठिसूळही होतो. पीयूआर नावाचा दुसरा गोंद हवेतल्या ओलाव्याने पक्का होतो, लवचिक राहतो आणि पाने कितीतरी घट्ट धरतो. तो महाग आहे, पण पाचशे पानांच्या ग्रंथाला शिलाई परवडत नसेल तर प्रकाशकाने निदान तो तरी वापरावा. एकदा वाचून मित्राला द्यायची कादंबरी साध्या गोंदाची चालेल. रोज पारायणाला घ्यायची पोथी, ओट्यावर उघडी ठेवायचे पाककृतींचे पुस्तक आणि शब्दकोश मात्र शिवलेलेच घ्या, पन्नास-शंभर रुपये जास्त पडले तरी.

कागदाकडे आपण रंगापुरतेच पाहतो. खरे तर दोन गोष्टी तपासायच्या असतात. पहिली जाडी. सत्तर जीएसएमच्या (चौरस मीटरला सत्तर ग्रॅम वजनाच्या) मॅपलिथोवर, म्हणजे पुस्तकांच्या साध्या पांढऱ्या कागदावर, मागच्या पानाची छपाई फारशी झिरपून दिसत नाही. वर्तमानपत्री कागदावर ती दिसते, आणि त्यातले लिग्निन हे लाकडातले द्रव्य उजेडात पिवळे पडत जाते. दुसरी गोष्ट तंतूंची दिशा, जिला प्रेसमध्ये ग्रेन म्हणतात. एक पान कण्याला समांतर हलके वाकवा, मग आडवे वाकवून पाहा. कण्याला समांतर वाकवताना कमी जोर लागला तर ग्रेन बरोबर आहे. उलटे असेल तर तो कागद जुलैत कण्याच्या लांबीच्या दिशेने फुगतो, पण गोंदात अडकलेली कड फुगू शकत नाही. पानांना लाटा येतात, पुस्तक मिटत नाही आणि कण्यावर ताण येतो. कागदाचा ताव वाया जाऊ नये म्हणून आडव्या ग्रेनवर छापलेली पुस्तके मुंबईच्या पावसाळ्यात लगेच ओळखू येतात.

छोट्या आवृत्त्या आता डिजिटल छपाईवरही निघतात. त्यात शाईऐवजी टोनर, म्हणजे कागदावर वितळवून बसवलेली रंगाची पूड, असतो. अशा पुस्तकाला पीव्हीसीचे पारदर्शक कव्हर घालू नये. उकाड्यात टोनर आणि पीव्हीसी एकमेकांना चिकटतात आणि काढताना अक्षरे कव्हरवर उठतात. शाळेत घालायचो ते खाकी कागदाचे कव्हर इथे जास्त उपयोगी आहे.

जागेचा हिशेबही अंदाजाने करायची गरज नाही. डेमी आकाराचे, म्हणजे साडेपाच बाय साडेआठ इंचांचे, सत्तर जीएसएमवरचे दोनशे पानी पुस्तक सुमारे एक सेंटिमीटर जाड आणि सव्वादोनशे ग्रॅम वजनाचे असते. तीन फुटी फळीवर अशी पंच्याऐंशी-नव्वद पुस्तके बसतात आणि त्यांचे वजन वीस किलोपर्यंत जाते. १८ मिलिमीटरची प्लायची फळी मधे आधार नसेल तर तीन फुटांच्या पुढे झुकते, म्हणून फळी अडीच फुटांचीच ठेवावी. हजार पुस्तकांना अशा चौदा फळ्या पुरतात. एका भिंतीवर सात-सात फळ्यांचे दोन उभे रकाने, इतकीच ती जागा आहे. ‘मुंबईच्या घरात पुस्तके ठेवायला जागा नाही’ म्हणणाऱ्यांनी हे एकदा मोजपट्टी घेऊन पाहावे. आमच्या अनुभवात जागेपेक्षा ओल हा मोठा शत्रू आहे.

पावसाळ्यात या शहरातली सापेक्ष आर्द्रता कित्येक आठवडे ऐंशी टक्क्यांच्या वर असते. बुरशीला पासष्ट-सत्तर टक्के पुरतात. त्यामुळे ज्या भिंतीवर नैर्ऋत्येचा पाऊस आपटतो, त्या भिंतीला कपाट चिकटवू नये. जागाच नसेल तर पाठीमागे निदान दोन इंच पोकळी सोडावी. तळाची फळी जमिनीपासून सहा इंच वर असावी. पुस्तके इतकीच दाटीने लावावीत की मधले पुस्तक दोन्ही बाजूंनी धरून सहज बाहेर येईल. डोके धरून ओढावे लागले तर कण्याची टोपी फाटते, आणि हवाही खेळत नाही. प्लास्टिकच्या पिशवीत बांधून माळ्यावर टाकणे सर्वांत घातक, कारण आतला ओलावा आतच राहतो. डांबराच्या गोळ्या बुरशीला रोखत नाहीत, त्यांची वाफ मात्र घरातल्यांच्या श्वासात जाते. बंद काचेच्या कपाटात ओलावा शोषणारे अर्धा किलो सिलिका जेल मलमलच्या पुरचुंड्या करून फळ्यांवर वाटून ठेवले तर उपयोग होतो. निळ्या दाण्यांत कोबाल्ट क्लोराइड हे विषारी रसायन असते, म्हणून नारिंगी दाणे घ्यावेत. रंग बदलला की ११० ते १२० अंशांवर दोनेक तास तापवून ते पुन्हा वापरता येतात. दरवाजाच्या फटीतून हवा येत असेल तर आठवडाभरातच दाणे भरून जातात, हे लक्षात ठेवावे. ऑक्टोबरमध्ये हवा कोरडी झाली की सगळी पुस्तके बाहेर काढून सावलीत हवेशीर ठेवावीत. उन्हात नको, उन्हाने कागद पिवळा पडतो.

कसर आणि वाळवी यांत फरक करायला हवा. कसर खळ आणि कागदावरचा पिष्टाचा थर खाते, त्यामुळे तिचे कुरतडणे वरवरचे आणि कण्याजवळ जास्त असते. जुने बाइंडर खळीत मोरचूद घालत ते याच कारणाने. वाळवी भिंतीतून येते आणि पुस्तक आतून पोकळ करते. कपाटामागे मातीची बारीक नळी दिसली तर पुस्तके झटकून भागत नाही, भिंतीवरच उपचार करावा लागतो.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि तळमजल्यावरच्या असंख्य घरांत पाणी शिरले. तसा पाऊस पुन्हा झाला तर भिजलेल्या पुस्तकांचे काय करायचे, हे आधीच माहीत असलेले बरे. बुरशी साधारण ४८ तासांत धरते, तेवढाच वेळ हातात असतो. ओले पुस्तक ओढून उघडू नये. ते उभे करून पाने थोडी फाकवावीत, दर वीस-पंचवीस पानांत कोरा शोषक कागद घालावा, तो दर तासा-दोन तासांनी बदलावा आणि पंख्याचा वारा थेट न लावता खोलीत फिरता ठेवावा. हेअर ड्रायर, इस्त्री आणि ऊन या तिन्हींनी पाने आक्रसतात. आर्ट पेपरवरची चित्रे असतील तर पाने वाळण्याआधीच प्रत्येक पानामध्ये बटर पेपर घालावा, नाहीतर पानांची वीट होते आणि ती नंतर सुटत नाही. पुस्तके इतकी असतील की हात पुरणार नाही, तेव्हा वेगवेगळ्या पिशव्यांत घालून फ्रीजरमध्ये ठेवावीत. बुरशी थांबते, आणि मग एकेक काढून वाळवता येते. वाळलेली बुरशी गच्चीवर नेऊन, एन-९५ मास्क लावून, मऊ ब्रशने झाडावी. ओल्या फडक्याने पुसली तर ती तंतूंत आणखी खोल जाते.

आता डिजिटल, आणि इथे मराठीची अडचण इंग्रजीपेक्षा वेगळी आहे. पीडीएफ म्हणजे पानाचे चौकटबंद चित्र: आकार ठरलेला, ओळी ठरलेल्या. ईपबमध्ये मजकूर वाहता असतो, अक्षर मोठे केले की ओळी नव्याने बसतात. डेमी आकाराची पीडीएफ किंडलसारख्या सहा इंची वाचनयंत्रावर उघडली की साडेआठ इंच उंचीचे पान पावणेपाच इंचांत कोंबले जाते. बारा पॉइंटचे अक्षर सात पॉइंटच्या आसपास येते. रोमन लिपी एवढ्या आकारात कशीबशी वाचता येते. देवनागरीत वर वेलांट्या, अनुस्वार आणि रफार, खाली उकार, त्यामुळे ती वाचता येत नाही. पीडीएफच वाचायची असेल तर दहा इंची पडदा हवा, तिथे पान जवळजवळ मूळ आकारात दिसते. ‘ई-पुस्तकाने डोळे दुखतात’ ही तक्रार करणारे पुष्कळ जण प्रत्यक्षात मोबाइलवर पीडीएफ चिमटीने मोठी करून वाचत असतात.

फाइल खऱ्या मजकुराची आहे का, हे विनामूल्य नमुना उतरवून पाहता येते. एका शब्दावर बोट दाबून धरा. शब्द निवडला गेला नाही आणि सगळे पान चित्रासारखे सरकले, तर ते स्कॅन आहे. निवडला गेला आणि नक्कल करण्याची सोय असली, तर तो संदेशाच्या चौकटीत चिकटवा. मराठी उमटले तर युनिकोड, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळ्या यंत्रांवर एकच संकेत असलेला मजकूर. इंग्रजी अक्षरे आणि चिन्हांची खिचडी उमटली तर तो श्रीलिपी, आकृती किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमधला मजकूर आहे. तो पडद्यावर दिसतो मराठी, पण यंत्राच्या लेखी मराठी नसतो. त्यात शोध चालत नाही, शब्दकोश उघडत नाही आणि वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर अडखळते.

मराठीतली किती पुस्तके अशा जुन्या फाइलींत पडून आहेत, हे अक्षरजुळणी करणाऱ्या कोणालाही विचारावे. त्या युनिकोडमध्ये आणताना चुका ठरलेल्या जागीच होतात. जुन्या फॉन्टमध्ये अक्षर दिसते तसे तुकड्यांनी साठवलेले असते: ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी, रफार अक्षराच्या नंतर. युनिकोडमध्ये क्रम उच्चाराचा असतो: वेलांटी व्यंजनानंतर, रफाराचा र् अक्षराच्या आधी. परिवर्तकाला हा क्रम उलटावा लागतो, आणि जोडाक्षर आले की तो घसरतो. ‘स्थिती’, ‘मूर्ती’, ‘शक्तिमान’, ‘कार्यकर्त्यांना’ असले शब्द पहिल्यांदा तपासावेत. सर्वांत फसवी चूक ‘ऱ्य’ची. हा ऱ दोन प्रकारे लिहिता येतो. एक स्वतंत्र चिन्ह आहे. दुसऱ्या पद्धतीत साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह येते. फाइल ‘स्वच्छ’ करताना ते अदृश्य चिन्ह गळाले की सह्याद्रीतल्या दऱ्यांचा दर्या होतो आणि लग्नातल्या आचाऱ्यांना आचार्य केले जाते. शुद्धलेखन तपासनीसाला हे सापडत नाही, कारण दोन्ही शब्द बरोबर आहेत. माणसानेच वाचावे लागते. ‘ॲ’चीही तीच गत. तो एका चिन्हाने लिहिलेला असतो किंवा अ आणि ॅ जोडून, आणि एका प्रकाराने शोध घेतला तर दुसरा बऱ्याचदा सापडत नाही.

जुने पुस्तक स्कॅन करून ओसीआरने, म्हणजे चित्रातली अक्षरे ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरने, मजकूर काढला असेल तर चुकांची जात बदलते. घ आणि ध, भ आणि म, ब आणि व, ष आणि प यांची अदलाबदल होते. स्कॅन निदान ३०० डीपीआयचे (इंचाला ३०० ठिपके) आणि करड्या छटांचे असावे, बारीक टिपांना ६००. निव्वळ काळे-पांढरे स्कॅन केले तर झिजलेल्या खिळ्यांचे अनुस्वार उडून जातात. फॉन्टही महत्त्वाचा. पुस्तकाची भाषा मराठी अशी नोंद फाइलमध्ये केलेली नसेल तर काही यंत्रांवर ल आणि श हिंदी वळणाचे उमटतात. ही नोंद फाइलमध्ये एका ओळीचे काम आहे, तरी अनेकदा राहून जाते.

मालकीबद्दल स्पष्ट बोलायला हवे. बहुतेक दुकानांत ई-पुस्तक ‘विकत’ घेताना आपण वाचण्याचा परवाना घेत असतो. २००९ च्या जुलैत ॲमेझॉनने जॉर्ज ऑरवेलच्या दोन कादंबऱ्या ग्राहकांच्या किंडलवरून परस्पर काढून घेतल्या. विकणाऱ्याकडे हक्कच नव्हते, पैसे परत मिळाले, पुस्तके गेली. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये ई-पुस्तकांचे दुकान बंद केले आणि विकलेली पुस्तके जुलैपासून उघडेनाशी झाली. २६ फेब्रुवारी २०२५ पासून किंडलची पुस्तके संगणकावर उतरवून केबलने यंत्रात घालण्याची सोयही बंद आहे. किंडलवर मराठी पुस्तके डिसेंबर २०१६ पासून मिळतात, आणि ज्यांनी तेव्हापासून घेतली त्यांनी हे ध्यानात ठेवावे. घेण्याआधी विचारायचे ते एवढेच: फाइल माझ्याकडे ईपब म्हणून उतरते, की फक्त त्यांच्याच ॲपमध्ये उघडते? ॲपमध्येच उघडत असेल तर ते पुस्तक वाचनापुरते आपले, संग्रहासाठी नव्हे. छापील प्रत मुलीला देता येते, वाचनालयाला भेट देता येते, किंग्ज सर्कलच्या किंवा हुतात्मा चौकाजवळच्या पदपथावर विकताही येते.

खर्चाचा हिशेब प्रत्येकाने आपल्या वाचनाप्रमाणे मांडावा. समजा वाचनयंत्र बारा हजारांना पडले आणि ई-पुस्तक छापील प्रतीपेक्षा सरासरी ऐंशी रुपयांनी स्वस्त मिळाले, तर यंत्राची किंमत दीडशे पुस्तकांनंतर वसूल होते. वर्षाला दहा पुस्तके वाचणाऱ्याला पंधरा वर्षे लागतील, आणि तेवढी वर्षे त्यातली बॅटरी टिकणे कठीण. आठवड्याला एक वाचणाऱ्याला तीन वर्षे पुरतात. छापील पुस्तकावर जीएसटी नाही, ई-पुस्तकावर आहे. छापील आवृत्ती असलेल्या ई-पुस्तकांवरचा दर जुलै २०१८ मध्ये अठरावरून पाच टक्क्यांवर आला. ज्या लेखकांचे स्वामित्वहक्क संपले, त्यांच्यासाठी पैसे मोजण्याची गरजच नाही. आपल्याकडे हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे राहतात आणि ती पुढच्या वर्षाच्या १ जानेवारीपासून मोजतात. साने गुरुजी ११ जून १९५० रोजी गेले, म्हणून त्यांचे लेखन १ जानेवारी २०११ पासून मुक्त आहे. मात्र नवी प्रस्तावना, नवे टीपांकन किंवा अनुवाद यांचे हक्क वेगळे असतात. राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची अनेक पुस्तके आणि मराठी विश्वकोश अधिकृतपणे, फुकट, संकेतस्थळावर आहेत; ती सोडून व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या चालू पुस्तकांच्या चोरीच्या पीडीएफ वाचणाऱ्यांना आमचे कळकळीचे सांगणे आहे की हजाराच्या आवृत्तीतल्या दोनशे प्रती अशा मेल्या तर दुसरी आवृत्ती निघत नाही.

मग कोणते पुस्तक कशात घ्यावे? विरार लोकलमध्ये एका हाताने कडी धरून वाचायची सहाशे पानी कादंबरी वाचनयंत्रावर घ्या. छापील प्रत साडेसहाशे ग्रॅमच्या पुढे जाते, सहा-सात इंची यंत्र दोनशे ग्रॅमच्या आसपास असते. कविता, अभंग, ओव्या छापील, कारण वाहत्या मजकुरात अक्षर मोठे केले की चरण मधेच मोडतो. कोश आणि विश्वकोश डिजिटल, पण युनिकोड असेल तरच. गणित, तक्ते, नकाशे, बालचित्रपुस्तके छापील. दिवाळी अंक, ज्यांची परंपरा १९०९ च्या ‘मनोरंजन’पासून आहे, छापीलच वाचावेत असे आमचे मत आहे, त्यांची मांडणी पानासाठी केलेली असते आणि पीडीएफमध्ये ती जीव गमावते. परीक्षेच्या अभ्यासाला कागद. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणात २००० ते २०१७ मधले ५४ अभ्यास एकत्र पाहिले गेले, वाचक एक लाख सत्तर हजारांहून अधिक. माहितीपर मजकूर कागदावर जास्त नीट समजतो, वेळेचे बंधन असेल तर फरक वाढतो, आणि कथात्मक मजकुरात मात्र फरक दिसत नाही, असे त्यातून आले. म्हणजे स्पर्धापरीक्षेचा विद्यार्थी आणि कादंबरीचा वाचक यांना एकच सल्ला देणे चूक आहे.

एका वाचकवर्गाच्या बाबतीत मात्र निवडीचा प्रश्नच नाही. ज्यांना दिसत नाही किंवा मोतीबिंदूमुळे बारीक अक्षर लागत नाही, त्यांना डिजिटल पुस्तक हाच रस्ता आहे. दृष्टिबाधितांसाठीच्या मराकेश कराराला मान्यता देणारा पहिला देश भारत होता, २०१४ मध्ये. आपल्या स्वामित्वहक्क कायद्यातही २०१२ पासून अशा वाचकांसाठी सुलभ प्रत करायला मुभा आहे. तरीही प्रकाशक स्कॅन केलेली पीडीएफ ‘ई-बुक’ म्हणून विकतात आणि मोबाइलमधला वाचक आवाज त्यावर गप्प बसतो. सत्तरीच्या आजींना वीस पॉइंटचे अक्षर ईपबमध्ये एका बोटाने मिळते, स्कॅनमध्ये कधीच मिळत नाही. या एका कारणासाठी तरी प्रत्येक नव्या मराठी पुस्तकाची युनिकोड ईपब निघायला हवी.

आणि जे फक्त डिजिटल निघते त्याचे पुढे काय होते, हेही पाहावे. १९५४ च्या केंद्रीय कायद्याप्रमाणे प्रकाशकाने पुस्तक निघाल्यापासून तीस दिवसांत स्वखर्चाने प्रती कोलकात्याचे राष्ट्रीय ग्रंथालय, चेन्नईचे कोनेमारा ग्रंथालय, दिल्ली पब्लिक लायब्ररी आणि आपल्या टाउन हॉलमधले मध्यवर्ती ग्रंथालय यांना पाठवायच्या असतात. त्या कायद्यातली व्याख्या छापील पुस्तकाची आहे. केवळ ई-पुस्तक म्हणून निघालेली मराठी कादंबरी त्यात बसत नाही. दुकान बंद झाले की ती कुठल्याच ग्रंथालयात नसते. नायगावच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात, जे १८९८ सालचे आहे, शंभर वर्षांपूर्वीचे पुस्तक मागता येते. दहा वर्षांपूर्वीच्या ई-पुस्तकाबद्दल तसे म्हणता येत नाही. फक्त डिजिटल प्रकाशन करणाऱ्या लेखकांनी निदान पन्नास प्रती शिलाई बांधणीत छापून ग्रंथालयांना द्याव्यात आणि ईपबच्या दोन प्रती दोन वेगळ्या ठिकाणी ठेवाव्यात.

मराठी प्रकाशकांकडे आमची मागणी साधी आहे. आयएसबीएन आणि मुद्रकाचे नाव येते त्याच पानावर आणखी तीन ओळी छापाव्यात: कागद किती जीएसएमचा, बांधणी शिलाईची, हॉट मेल्टची की पीयूआरची, ई-पुस्तक असेल तर ते युनिकोड ईपब आहे की पीडीएफ, आणि उतरवून ठेवता येते की नाही. ऑनलाइन विक्रेत्यांनी हीच माहिती पुस्तकाच्या किमतीखाली द्यावी, कारण तिथे कणा हातात धरून पाहता येत नाही. या तीन ओळींना वेगळा कागद लागत नाही, वेगळे पैसेही लागत नाहीत. आपल्या दैनिकाच्या ‘नवी पुस्तके’सारख्या सदरात पृष्ठे आणि किंमत यांच्या शेजारी बांधणीचा प्रकार द्यायला सुरुवात झाली, तर प्रकाशकांनाही ती माहिती पाठवावी लागेल.

आपले,
ग्रंथालय, बांधणी, अक्षरजुळणी आणि ई-पुस्तकनिर्मितीत काम करणारे काही वाचक
दादर, मुंबई